घरून पॉडकास्ट आणि लाइव्ह करायचंय, परवडणारा माइक कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेती, स्पर्धा परीक्षा, कीर्तन, गेमिंग, जुन्या आठवणी. मराठवाड्यात आता गावागावांतून लोक घरात बसून बोलतायत आणि ऐकणारेही आहेत. माइकबद्दलचे सल्ले मात्र बहुतेक वेळा गालिचा अंथरलेल्या, एसी लावलेल्या बंद खोलीतले असतात. आपल्या खोलीत खाली शहाबादी फरशी, डोक्यावर पंखा आणि एप्रिल-मे महिन्यांत खिडकीत कूलर. खालची उत्तरं अशी खोली धरूनच लिहिली आहेत.

पाल्हाळ नको, सरळ सांगा. कोणता घेऊ?

एकट्यानं बोलणार असाल, घरात लॅपटॉप असेल आणि पंखा-कूलरशिवाय चालत नसेल, तर यूएसबी डायनॅमिक माइक घ्या (डायनॅमिक म्हणजे काय ते खाली येईल). फिफाइन एएम८, माओनो पीडी२००एक्स, सॅमसन क्यू२यू हे या जातीतले. तिन्हींना यूएसबी आणि एक्सएलआर (साउंडवाल्यांची तीन पिनांची जोडणी) अशी दोन्ही तोंडं आहेत, म्हणजे पुढं सामान वाढवलं तरी माइक तोच राहतो. तिन्हींना हेडफोन लावायची सोयही आहे.

हजाराच्या आसपासच खर्च करायचा असेल तर बोया बीवाय-एम१ हा वायरचा कॉलर माइक घ्या. आणि घरात किंवा भजनी मंडळाकडं माइक पडून असेल, तर काही विकत घेण्याआधी त्याबद्दलचं उत्तर वाचा.

फोनच्या माइकवर भागत नाही का?

भागतं, पण फोन तोंडाजवळ असेल तर. आपण फोन स्टँडला लावतो, तो हात-दीड हात लांब जातो आणि मग तो आपल्याआधी खोली ऐकायला लागतो. व्हिडिओ नसेल, नुसता आवाजच हवा असेल, तर फोन हातात घेऊन हनुवटीपासून एक वीत अंतरावर थोडा तिरका धरा आणि एक भाग करून बघा. पाच-सात भाग झाल्यावरही बोलण्याची हौस टिकली तर माइकचे पैसे सत्कारणी लागतील.

डायनॅमिक आणि कंडेन्सर यांत नेमका फरक काय?

डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या पोकळीत हलतं. त्या हलण्यातूनच वीज तयार होते, बाहेरून द्यावी लागत नाही. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा एका पट्टीसमोर ताणलेला असतो आणि त्याला चालायला वीज लागते. पडदा हलका, म्हणून तो बारीकसारीक आवाजही टिपतो. शांत खोलीत हा गुण आहे. ज्या घरात शेजारच्या गिरणीचा पट्टा ऐकू येतो, तिथं तोच गुण डोकेदुखी होतो.

एक गैरसमज मात्र पक्का बसलाय, की डायनॅमिक माइक आजूबाजूचा आवाज गाळून टाकतो. तसं काही होत नाही. त्याची ताकद कमी असते म्हणून त्याच्या जवळ बोलावं लागतं, आणि जवळ बोललं की तुमचा आवाज खोलीपेक्षा कितीतरी मोठा पडतो. सगळी गंमत अंतरात आहे. डायनॅमिक माइक घेऊन दोन हात लांब बसलात तर कूलर त्यातही तितकाच येईल. मी सारखं डायनॅमिक घ्या म्हणतो ते एवढ्यासाठीच, की तो तुम्हाला जवळ बसायची सवय लावतो.

किती जवळ बसायचं?

डायनॅमिकला चार बोटं ते आठ बोटं. कंडेन्सरला एक वीत. याहून लांब नको.

यामागं साधा हिशेब आहे. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट केलं की तुमचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र जिथल्या तिथं राहते. आठ बोटांवरून सोळा बोटांवर गेलात तर ६ डेसिबल गेले, बत्तीस बोटांवर गेलात तर १२. मग तुम्ही गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ती पातळी, वाढवता आणि गेनबरोबर कूलरही वाढतो.

फार जवळ गेलं की आवाज जाड आणि भरदार होतो. एका दिशेनं ऐकणाऱ्या माइकांचा तो स्वभावच आहे. बारीक आवाजाच्या माणसाला त्याचा फायदा होतो, मुळातच खर्जातला आवाज असेल तर तो गुदमरल्यासारखा येतो. अशांनी आठ बोटांवर बसावं.

बोलताना फट्फट् आवाज येतो. माइक खराब आहे का?

माइक चांगला आहे, तो तुमच्या श्वासाचा झोत आहे. मराठीत प, फ, भ, ख, थ ही अक्षरं पदोपदी येतात आणि महाप्राण अक्षर म्हटलं की हवा जोरात बाहेर पडते. तोंडासमोर तळहात धरून ‘परभणीच्या भाऊंनी फार भारी भाषण केलं’ हे वाक्य म्हणा, कुठल्या अक्षराला हाताला वारं लागतं ते लगेच कळेल.

उपाय असा, की माइक तोंडाच्या अगदी समोर धरायचा नाही. ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला ठेवा आणि त्याचं तोंड मात्र तुमच्या तोंडाकडं वळवा. हवा सरळ निघून जाते, आवाज माइकमध्ये येतो. त्यावर फोमची टोपी घातली की बहुतेक त्रास संपतो. जाळीचा पॉप फिल्टर घेतलात तर तो माइकला चिकटवू नका, तीन-चार बोटं पुढं ठेवा.

भजनी मंडळाचा माइक पॉडकास्टला चालंल का?

चालंल, आणि चांगला चालंल. भजन-कीर्तनात, मंडपात जे हातात धरायचे माइक असतात, आहुजाचे म्हणा किंवा दुसऱ्या कुणाचे, ते जवळपास सगळे डायनॅमिकच असतात. जगभर गायकांच्या हातात दिसणारा शुअरचा एसएम५८ त्याच घराण्यातला. तो १९६६ साली आला आणि आजही विकला जातो.

अडचण फक्त जोडणीची आहे. त्या माइकची जाड पिन लॅपटॉपच्या भोकात जात नाही, आणि छोटी पिन लावून घुसवली तरी सिग्नल इतका बारीक असतो की नुसती खरखर ऐकू येते. मध्ये ऑडिओ इंटरफेस लागतो, म्हणजे माइकचा सिग्नल मोठा करून यूएसबीनं लॅपटॉपला देणारी डबी. बेहरिंगर यूएम२ सारखा साधा इंटरफेस पुरे. माइकला खाली तीन पिनांचं तोंड असेल तर दोन्हीकडं एक्सएलआर असलेली वायर घ्या, जाड पिनेची वायर वापरू नका. एक्सएलआर वायर बाहेरची घरघर बऱ्यापैकी थोपवते. इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण असतं, ते या माइकला बंदच ठेवायचं.

जुना माइक असेल तर आधी त्याची जाळी फिरवून काढा. आतला फोम वर्षानुवर्षांच्या थुंकीनं आणि धुळीनं कडक झालेला असतो, त्यामुळं आवाज बसका येतो. फोम हलक्या हातानं सोडवून साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि परत बसवा. माइकच्या पडद्याला बोट लावू नका. एवढ्यानं आवाज इतका उघडतो की मंडळातल्या जुन्या माणसांनाही फरक जाणवतो.

बीएम-८०० नावाचा पूर्ण संच फार स्वस्त दिसतोय. स्टँड, फिल्टर, सगळं येतं. घेऊ का?

नको. या नावानं कितीतरी जण वेगवेगळा माल विकतात, त्यामुळं हातात काय पडेल ते सांगता येत नाही. त्यात कंडेन्सर माइक असतो आणि त्याला नीट चालायला फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच दिलेली ४८ व्होल्टची वीज, लागते. संचात मिळणाऱ्या वायरनं तो थेट फोनला किंवा लॅपटॉपला लावला की आवाज बारीक आणि मागं कायमची सूंऽऽ. मग फँटम पॉवरचा डबा घ्या, मग साउंड कार्ड घ्या. शेवटी यूएसबी माइकएवढेच पैसे जातात.

कूलर बंद केला तर जीव जातो, चालू ठेवला तर रेकॉर्डिंग जातं. काय करावं?

खोली आधी अर्धा तास गार करून घ्या, मग कूलर बंद करून दहा-बारा मिनिटांचा तुकडा बोला. परत चालू करा, पाणी प्या, पुढचे मुद्दे वाचा, परत बंद. पॉडकास्ट तुकड्या-तुकड्यांत केला तरी ऐकणाऱ्याला कळत नाही, फक्त प्रत्येक तुकड्याला माइकचं अंतर तेच ठेवा.

लाइव्हला हे जमत नाही. तिथं माइकची पाठ कामाला येते. एकदिशा माइक, ज्याच्यावर बदामासारखी खूण असते, तो पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून माइकची पाठ बरोबर कूलरकडं करायची आणि तुम्ही कूलरकडं तोंड करून बसायचं. बहुतेक जण उलटं करतात, वारा पाठीवर घेतात, आणि मग माइकचं तोंड थेट कूलरकडं होतं. खुर्ची फिरवून दोन्ही पद्धतींनी अर्धा-अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. पैसे न घालता एवढा फरक पडणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

छताच्या पंख्याचा आवाज त्यामानानं सोसवतो, त्याचं वारं मात्र माइकवर नको. पंख्याच्या बरोबर खाली बसू नका.

पत्र्याच्या घरात राहतो. दुपारी रेकॉर्डिंग जमंल का?

दुपारी अवघड आहे. ऊन चढताना पत्रा फुगतो आणि उतरताना आकसतो, तेव्हा तो तडतड वाजतो आणि ते कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट जात नाही. रात्री जेवणं झाल्यावर किंवा पहाटे बसा. पावसात पत्र्याखाली रेकॉर्डिंगचा नाद सोडा.

गावात कुणाचं जुनं माळवदाचं घर असेल तर मात्र तिथं बसायला मागा. जाडजूड भिंती बाहेरचा आवाज आत येऊ देत नाहीत, आणि वरच्या लाकडी तुळया आणि खडबडीत सारवण यांच्यामुळं आवाज एकसारखा परतून येत नाही. शहरातल्या गुळगुळीत प्लास्टरच्या खोलीपेक्षा अशा खोलीत आवाज कितीतरी निवळ येतो.

आवाज विहिरीतून बोलल्यासारखा घुमतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावू का?

ट्रे लावून उपयोग नाही. ते पातळ आणि हलके असतात, आवाज शोषायला जाडी लागते. त्यापेक्षा घरातल्या गोधड्या, वाकळा काढा. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली जड वाकळ ही आपल्या घरातली सगळ्यात चांगली आवाज-शोषक वस्तू आहे.

ती कुठं टांगायची हे जास्त महत्त्वाचं. माइकचं तोंड तुमच्याकडं असतं, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंतही त्याला ऐकू येते. पहिली वाकळ तुमच्या पाठीमागं, दोरीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून. दुसरी समोर, माइकच्या मागं. टेबलावर चादर आणि फरशीवर सतरंजी किंवा घोंगडं. आधी आणि नंतर एकेक टाळी वाजवून बघा, टाळीची शेपटी तुटलेली ऐकू येईल.

यानं बाहेरून येणारा ट्रॅक्टर किंवा कुत्रं थांबणार नाही, ते वेगळं काम आहे आणि महागाचं. वाकळ फक्त खोलीतला घुमारा मारते.

गेन किती ठेवायचा?

सगळ्यात मोठ्यानं हसून बघा. त्या हसण्याला रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला आवाजाचा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये आणि साध्या बोलण्याला उणे १२ च्या आसपास राहावा. आवाज कमी भरला तर नंतर वाढवता येतो. शून्यावर जाऊन फाटला तर तो तुकडा गेला.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तीच गुणगुण माइकमध्ये शिरते. घरात अर्थिंग नीट नसेल तर हमखास. चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. गुणगुण गेली तर दोष माइकचा नाही, माइक बदलायला धावू नका. लाइट गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर हा आवाज आणखी कर्कश होतो, तेव्हाही बॅटरीच बरी. माइकची वायर आणि एक्स्टेंशन बोर्डाची वायर शेजारीशेजारी नेऊ नका.

बीवाय-एम१ घेतला, पण आवाजच येत नाही.

त्याच्या वायरवर एक छोटी डबी आहे, तिच्यावर बटण आहे. फोनसाठी ते स्मार्टफोनकडं, कॅमेऱ्यासाठी कॅमेऱ्याकडं. कॅमेऱ्याला आतला एलआर४४ सेल लागतो, फोनला लागत नाही. तरी आला नाही तर टाइप-सीचं जोडणीचं तुकडं तपासा. काही स्वस्त तुकड्यांतून गाणी ऐकू येतात, पण माइक आत जात नाही.

हा माइक चहूबाजूंनी ऐकतो, म्हणून खोलीचा आवाजही घेतो. छातीवर, हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. शालीच्या किंवा जाकिटाच्या आत लपवू नका, कापड घासल्याचा आवाज येतो. वायर ६ मीटरची आहे, शेतात उभं राहून बोलायला सोयीची.

बिनवायरचे छोटे माइक कसे आहेत?

फिरून व्हिडिओ करणाऱ्यांसाठी ठीक. एका जागी बसून बोलणाऱ्यानं वायरचाच घ्यावा. अगदी स्वस्त बिनवायरच्या माइकमध्ये आवाज साफ करायची आतली सोय इतकी ढोबळ असते की वाक्याच्या शेवटची अक्षरं गिळली जातात, आणि मराठीत क्रियापद शेवटीच असतं.

दोघांना गप्पा मारायच्या आहेत. दोन यूएसबी माइक लावू?

एका लॅपटॉपला दोन यूएसबी माइक लावणं म्हणजे कटकट. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर एका वेळी एकाच उपकरणावरून रेकॉर्ड करतं. स्वस्त मार्ग असा, की दोघांनी आपापल्या फोनला कॉलर माइक लावायचा, दोन्हीकडं रेकॉर्डिंग सुरू करून एक टाळी वाजवायची, आणि नंतर संगणकावर दोन्ही टाळ्या एकाखाली एक जुळवायच्या. दमदार मार्ग म्हणजे बेहरिंगर यूएमसी२०२एचडी सारखा दोन माइकांचा इंटरफेस आणि मंडपातले दोन डायनॅमिक माइक.

दोन्ही बाबतींत एकमेकांच्या माइकमधलं अंतर, तोंड ते माइक या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा. नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून पोकळ येतो.

खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ लिहिलंय. जास्त चांगला का?

नाही. हा आकडा म्हणजे आवाज सेकंदाला किती हजार वेळा मोजला जातो ते. ४८ किलोहर्ट्झला २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपला जातो आणि माणसाचा कान २० च्या पुढं ऐकत नाही. व्हिडिओलाही ४८ च वापरतात. या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

मोठे यूट्यूबवाले वापरतात तो शुअर एसएम७बी हप्त्यांवर घ्यावा का?

माइक उत्तम आहे, पण त्याला साधारण ६० डेसिबल गेन लागतो. स्वस्त इंटरफेस तेवढा देताना हिस्स करायला लागतो, मग तोही बदलावा लागतो. नाकापेक्षा मोती जड होतो. ते पैसे दिव्यांना, इंटरनेटला आणि एका बऱ्या हेडफोनला लावा.

ऑनलाइन घ्यावा की दुकानातून?

यूएसबी माइक ऑनलाइन घ्या, परत करण्याची मुदत बघून. आल्या दिवशीच ज्या खोलीत बोलणार तिथं लावून अर्धा तास रेकॉर्ड करा. फोनला लावणार असाल तर फोनवर चालतो असं वर्णनात स्पष्ट लिहिलेलं असलं तरच घ्या. मंडपाचे डायनॅमिक माइक, वायरी आणि स्टँड मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी साउंडच्या दुकानात हातात घेऊन बघा. वायर तुटली तर तोच दुकानदार जागेवर डाग देऊन देतो.

लाइव्हमध्ये पखवाज आणि टाळ वाजले की आवाज गायब होतो.

झूम, मीट आणि लाइव्ह करायचं ओबीएस हे सॉफ्टवेअर, यांच्यात गोंगाट काढणारी सोय असते. ती माणसाच्या बोलण्यावर बेतलेली आहे, त्यामुळं टाळ-पखवाजाला ती गोंगाट समजते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, ओबीएसमध्ये नॉइज सप्रेशन काढून टाका. नुसतं बोलायचं असेल तेव्हा ती सोय बेतानं वापरायला हरकत नाही.

आवाज एकाच कानात येतो.

इंटरफेसचा एक नंबरचा माइक डाव्या बाजूला जातो, म्हणून. ओबीएसमध्ये ऑडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये त्या माइकला ‘मोनो’ची (दोन्ही कानांत एकच आवाज) खूण करा. ऑडॅसिटीत आधीच मोनो ट्रॅकवर रेकॉर्ड करा.

तयार भाग किती मोठा ठेवू?

पॉडकास्टला उणे १६ एलयूएफएस, म्हणजे कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे, त्यात हा आकडा टाकला की झालं. त्याआधी ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कापून टाका, पंख्याची बरीच घरघर तिथंच असते.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत. माइक कोणता?

हा प्रश्न आला की बरं वाटतं. जात्यावरच्या ओव्या, पैठणच्या नाथांची भारुडं म्हणणारी माणसं, १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं तेव्हाचं गाव पाहिलेली माणसं. हे आवाज थोडे उरलेत, आणि माइक आणायला थांबण्याएवढा वेळ नाही. आज फोन असेल तर आज फोनवर घ्या.

कॉलर माइक असेल तर आजीच्या पदराला लावा, पण पदर सरकतो, म्हणून चिमटा काठाच्या जाड पट्टीवर बसवा. तिच्यासमोर टेबलावर मोठा माइक उभा करू नका, ती माइककडं बघून अवघडते आणि ओवी अर्ध्यात थांबते. जातं फिरवत म्हणणार असेल तर घरघर येऊ द्या, तो त्या गाण्याचाच भाग आहे. फक्त फोन जात्याच्या बाजूला न ठेवता तिच्या तोंडाच्या बाजूला, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. जमिनीवर ठेवलेल्या फोनमध्ये जात्याचा हादरा थेट शिरतो.

सुरुवातीला तिचं नाव, माहेर, गाव आणि ओवी कुणाकडून शिकली ते तिच्याच तोंडून घ्या. कुठंही टाकण्याआधी तिला ऐकवा आणि विचारा. रेकॉर्डिंग वॅव्ह फाइलमध्ये (आवाज न दाबता साठवणारी) करा. पाठवायला एमपी३ वेगळी बनवा, मूळ फाइल तशीच ठेवा. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये राहू द्या.